हिमकण टिपणारा शेतकरी

अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात जेरिको नावाचं खेडं आहे. तिथला हिवाळा लांब आणि कडाक्याचा. बर्फ भुरभुरू लागला की दार लावून शेकत बसावं, अशी हवा. विल्सन बेंटली हा शेतकरी मात्र नेमका तेव्हाच काळी फळी हातात घेऊन बाहेर उभा राहायचा. त्याला हवा असे जेमतेम काही मिलिमीटरचा एखादा हिमकण.

बेंटलीचा जन्म १८६५ सालचा. आई एकेकाळची शिक्षिका, त्यामुळे त्याचं बरंचसं शिक्षण घरीच झालं. तिनंच दिलेल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यानं हिमकण पाहिला आणि त्याला वेडच लागलं. आधी तो चित्रं काढायचा. पण चित्र पुरं होण्याआधीच कण विरघळून जाई. मग सूक्ष्मदर्शकाला जोडता येईल असा कॅमेरा हवा, हा हट्ट. वडिलांच्या लेखी हा सगळा खुळेपणा होता, तरी घरून पैसे मिळाले. १५ जानेवारी १८८५ रोजी त्याला पहिला फोटो साधला. तेव्हा तो विशीतही पोचला नव्हता.

काम चाले ते ऊब नसलेल्या पडवीत. फळीवर पडलेल्या कणांमधून एक निवडायचा, लाकडाच्या बारीक काडीनं अलगद उचलून काचेवर ठेवायचा, पक्ष्याच्या पिसानं हलकेच दाबून सपाट करायचा. काच आभाळाच्या उजेडासमोर धरून फोकस जुळवायचा. हे सगळं श्वास रोखून, कारण उच्छ्वासाची ऊबसुद्धा कणाला सोसत नाही. हात थरथरला, मन भरकटलं, की कण गेला.

निसर्गछायाचित्रणातून मन शांत होतं असं म्हणतात, त्याचं मर्म या पडवीत सापडतं. डोक्यातले विचार हटवा म्हटल्यानं हटत नाहीत. पण समोरची गोष्ट क्षणात नाहीशी होणार असेल आणि ती डोळ्यांनी, बोटांनी, श्वासानं सांभाळायची असेल, तर बाकीच्या विचारांना जागाच उरत नाही.

आपल्याकडे कॅमेरा हाती आला की पहिली धाव ताडोब्याला नाहीतर कासला. ताडोब्यात जीपमागे जीप धावते, वाघ दिसला की शटरचा कडकडाट होतो. कासच्या पठारावर, जिथे साडेआठशेहून जास्त प्रकारच्या सपुष्प वनस्पतींची नोंद आहे, तिथे कित्येक जण जांभळ्या गालिच्यासमोर स्वतःचा फोटो काढून परततात. दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती त्यांच्या पायांपाशी असते. तिच्या केसांवरचा चिकट थेंब दिसायला वाकावं लागतं, थांबावं लागतं. बेंटलीनं आयुष्यभर आपल्याच गावातला बर्फ टिपला. पावसाळ्यात आपल्या परसातल्या भिंतीवर उगवणारं शेवाळ मोबाइलच्या मॅक्रो लेन्सनं रोज टिपणाऱ्यालाही तेच समाधान मिळू शकतं, आणि त्यासाठी जंगलाचं बुकिंग लागत नाही.

एका गोष्टीपाशी टिकून राहिलं की छंदाला हळूहळू दिशा मिळते. बेंटलीनं पाच हजारांहून जास्त हिमकण टिपले, त्यांत एकसारखे दोन त्याला आढळले नाहीत. त्याच्या छायाचित्रांच्या काचेवरच्या प्रती शाळा-महाविद्यालयांत पोचल्या. हिवाळा सरल्यावर तो पावसाकडे वळला. परातीत पीठ पसरून त्यावर थेंब झेलायचे आणि तयार झालेल्या गोळ्या मोजून थेंबांचा आकार काढायचा, ही त्याची युक्ती. तो अभ्यास १९०४ साली हवामानशास्त्राच्या मासिकात छापून आला. १९३१ मध्ये त्याच्या निवडक, चोवीसशेहून जास्त छायाचित्रांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूमोनियानं त्याचं निधन झालं. त्याच्या छायाचित्रांनी जपानमधल्या होक्काइदोत उकिचिरो नाकाया या भौतिकशास्त्रज्ञाला भुरळ घातली. हे आकार घडतात कसे, या प्रश्नामागे लागून नाकायांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत, सशाच्या केसाच्या टोकावर, पहिला कृत्रिम हिमकण वाढवला.