स्फोट काही सेकंदांचा, राखण वर्षांची

गॅमा किरणांचा स्फोट बहुधा काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत आटोपतो. त्याच्यामागे रेंगाळणारा उजेड म्हणजे पश्चदीप्ती. रेडिओ दुर्बिणी तिचा माग कसा घेतात, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : रेडिओ दुर्बीण स्फोटाचा आवाज ऐकते.
वस्तुस्थिती : रेडिओ लहरी म्हणजे लांब तरंगलांबीचा प्रकाशच. स्फोटातला झोत भोवतीच्या विरळ वायूवर आदळला की धक्कालहर उठते. तिथले वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत या लहरी सोडतात.

गैरसमज : स्फोट विझला, की पाहण्यासारखं काही उरत नाही.
वस्तुस्थिती : रेडिओचं खरं काम तेव्हाच सुरू होतं. धक्कालहर मंदावते तसा तिच्या प्रकाशाचा भर क्ष-किरणांकडून रेडिओकडे सरकतो. शिवाय सुरुवातीला रेडिओ लहरी उगमापाशीच शोषल्या जातात. तो भाग पसरून विरळ झाला की त्या बाहेर पडतात.

गैरसमज : अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या ठिपक्याचा आकार मोजता येणार नाही.
वस्तुस्थिती : 8 मे 1997 च्या स्फोटाने तो मोजून दाखवला. अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीने पहिल्यांदाच रेडिओ पश्चदीप्ती टिपली. सुरुवातीचे काही आठवडे ती लुकलुकत होती, मग लुकलुकणं ओसरलं. आपल्या आकाशगंगेतल्या वायूमुळे बिंदूएवढा स्रोत लुकलुकतो, मोठा झाला की स्थिरावतो. चांदण्या लुकलुकतात आणि ग्रह शांत दिसतात, तसंच. त्यावरून आकार कळला, आणि तो गोळा जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फुगतोय हेही.

गैरसमज : शोधलं की रेडिओ पश्चदीप्ती सापडतेच.
वस्तुस्थिती : पूनम चंद्रा आणि डेल फ्रेल यांनी 2012 मध्ये 304 स्फोटांच्या रेडिओ नोंदी मांडल्या. त्यांपैकी 95 स्फोटांचीच पश्चदीप्ती सापडली होती. बाकीच्यांची नव्हतीच असं नाही. पुष्कळदा ती दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर मंद असते.

गैरसमज : हे काम परदेशातच होतं.
वस्तुस्थिती : नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची, यात पुढे आहे. 29 मार्च 2003 च्या स्फोटाची पश्चदीप्ती तिने वर्षं उलटल्यावरही कमी वारंवारतेवर पाहिली. तोवर झोताचा वेग उतरलेला असतो, प्रकाश एकाच दिशेला एकवटलेला नसतो. म्हणून स्फोटाच्या एकूण ऊर्जेचा भरवशाचा हिशोब याच उशिराच्या नोंदींतून लागतो. ज्या तबकडीने तोवर धीर धरला, तिच्याच हाती तो येतो.