सोळा वर्षांच्या मुलाला कोण लागते?

अमेरिकेतील मराठी घरी सणावाराला चार माणसे जमली आणि मी न्यायालयाने नेमलेला स्वयंसेवक म्हणून फॉस्टर केअरमधील मुलांचे काम पाहतो असे कोणाला कळले, की पहिला उद्गार कौतुकाचा येतो आणि त्याच्या पाठोपाठ हमखास प्रश्न येतो : ‘तान्ह्या मुलांचे समजू शकतो, पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला तुमची काय गरज? दोन वर्षांत तो मोकळाच होणार.’ हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, आणि तो विचारणारी माणसे एरवी इतकी समंजस व कुटुंबवत्सल असतात, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवणे अगत्याचे वाटते.

छळ किंवा हेळसांड झाल्यामुळे न्यायालयाच्या हुकमाने ज्या मुलांचा ताबा राज्यशासनाकडे जातो, त्यांना नातेवाइकांकडे, परक्या कुटुंबात किंवा वसतिगृहासारख्या निवासात तात्पुरते ठेवण्याच्या व्यवस्थेला फॉस्टर केअर म्हणतात. या देशात अशी तीन लाखांहून अधिक मुले आहेत. त्यांच्या आयुष्याचे निकाल अपुऱ्या माहितीवर द्यावे लागतात, ही टोचणी सिएटलच्या किंग काउंटीतील न्यायाधीश डेव्हिड सूकप यांना लागून राहिली आणि १९७७ मध्ये त्यांनी सामान्य नागरिकांनाच तयार करून न्यायालयाचे डोळे व कान म्हणून नेमण्यास प्रारंभ केला. त्यातून ‘कोर्ट अपॉइंटेड स्पेशल ॲडव्होकेट’, म्हणजे बोलीभाषेत ‘कासा’, ही देशव्यापी चळवळ उभी राहिली. अशा प्रत्येक खटल्यात मुलाला प्रतिनिधी असलाच पाहिजे, असा दंडक १९७४ च्या संघीय कायद्याने घातलेलाच होता. तो प्रतिनिधी प्रशिक्षित स्वयंसेवक असू शकतो, हे १९९६ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. साधारण तीस तासांचे प्रशिक्षण, पूर्वचारित्र्याची तपासणी आणि न्यायाधीशांसमोर शपथ इतके झाल्यावर बहुधा एकाच मुलाचे, किंवा एकाच घरातील भावंडांचे, प्रकरण स्वयंसेवकाच्या हाती येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. जे गृहस्थ मला हा प्रश्न विचारतात, त्यांचा स्वतःचा मुलगा सतरा वर्षांचा असतो तेव्हा महाविद्यालयांची यादी करायला आई बसते, अर्थसाहाय्याचा अर्ज बाप भरतो, गाडीच्या परवान्याच्या अर्जावर सही घरातलेच कोणी करते, आणि अठरा पूर्ण होऊन मुलगा वसतिगृहात गेला तरी दाढ दुखली की तो फोन घरीच करतो. हे सारे ज्याला पुरते ठाऊक आहे, त्याने परक्याच्या मुलाबाबत मात्र ‘आता तो मोठा झाला’ असे म्हणावे, याचा मला मनापासून राग येतो. ज्या मुलाने पाच घरे आणि चार शाळा बदलल्या, ज्याच्या प्रकरणाचा शासकीय कर्मचारी वारंवार बदलला, तो लवकर मोठा होत नाही. मोठे होण्यासाठी लागणारी माणसे त्याच्याभोवती कमी असतात, इतकेच.

शपथेने बांधलेला असल्यामुळे कोणा एका मुलाची हकीकत मी सांगू शकत नाही. पुन्हापुन्हा पाहिलेला प्रसंग तेवढा सांगतो. शाळेच्या ग्रंथालयात किंवा बर्गरच्या दुकानात समोर बसलेला मुलगा टोपी कपाळावर ओढून मान खाली घालून असतो; सांगितलेल्या तारखेला हा माणूस पुन्हा येतो की नाही, एवढेच तो पहिले तीन-चार महिने पाहत असतो. पुढे केव्हातरी मी कोरा कागद काढतो आणि त्याला विचारतो : तुझा जन्माचा दाखला कोठे आहे? सोशल सिक्युरिटी कार्ड? लसींची नोंद? बहुधा उत्तर येते की ‘असेल कोणाकडे तरी’. घर बदलताना ज्याचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून गाडीत टाकले जातात, त्याचे कागद कोण सांभाळणार? कायदा सांगतो की अठराव्या वर्षी व्यवस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या हाती हे दस्तऐवज, वैद्यकीय नोंदी आणि ओळखपत्र दिलेच पाहिजे. परंतु ते खरोखर त्याच्या हाती पडले का, हे पाहणारे आणि पडले नसल्यास न्यायालयाला सादर करायच्या अहवालात तसे लिहिणारे कोणीतरी असावे लागते.

हा अहवाल म्हणजेच स्वयंसेवकाचे खरे काम. मुलाला, शिक्षकांना, सांभाळणाऱ्या कुटुंबाला, डॉक्टरांना आणि आईबापांना भेटून, शाळेचे दफ्तर वाचून, तो सुनावणीपूर्वी लेखी शिफारशी करतो : शाळा बदलल्यामुळे बुडालेले श्रेयांक परत मिळावेत, दुसऱ्या गावी ठेवलेल्या बहिणीची भेट ठरावीक दिवशी व्हावी, दोनदा तहकूब झालेली मानसोपचाराची सोय अमुक तारखेच्या आत व्हावी. न्यायाधीशांनी हे विचारले की उत्तर देणे संबंधित खात्याला भाग पडते.

आणि नेमक्या या वयाच्या मुलांसाठी कायद्यात पुष्कळ काही आहे, जे मुलांना कोणी सांगत नाही. २०१४ च्या संघीय कायद्यानुसार चौदा वर्षांवरील मुलाचा त्याच्या योजनेच्या आखणीत सहभाग असला पाहिजे, आणि त्या बैठकीत आपल्या पसंतीची दोन माणसे बसवण्याचा अधिकारही त्याला आहे. २००८ च्या कायद्याने राज्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत ही व्यवस्था चालू ठेवण्याची मुभा दिली. शिक्षण चालू असणे किंवा महिन्याला ऐंशी तास नोकरी करणे अशांपैकी एक अट पुरी केली की पुरते, आणि आजारपणामुळे ती पुरी करणे अशक्य असलेल्यांनाही सवलत आहे. उच्च शिक्षणासाठी वर्षाला पाच हजार डॉलरपर्यंतचे साहाय्य आहे. अठराव्या वर्षी व्यवस्थेतच असलेल्यांना सव्विसाव्या वर्षापर्यंत मेडिकेड, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, आहे. तेराव्या वर्षानंतर कधीही फॉस्टर केअरमध्ये राहिलेल्या विद्यार्थ्याला संघीय अर्थसाहाय्याच्या अर्जात आईबापांचे उत्पन्न दाखवावे लागत नाही. वाढदिवसाच्या आनंदात ‘मला आता तुमचे काही नको’ असे म्हणून सही करून बाहेर पडू पाहणारा मुलगा यांतील काय काय सोडून देत आहे, हे सहीपूर्वी त्याच्यासमोर मांडणे याला मी त्या वर्षातील सर्वांत मोलाचे काम मानतो. दरवर्षी पंधरा ते वीस हजार तरुण कायमचे कुटुंब न मिळताच या व्यवस्थेतून बाहेर पडतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात निकालात काढतो. ही मुले गुन्हा करून आलेली नसतात. त्यांना घरातून हलवण्याचे सर्वाधिक नोंदले जाणारे कारण हेळसांड हे आहे. स्वयंसेवक वकील असावा लागत नाही. तो मुलाला घरी नेत नाही, दत्तक घेत नाही, त्याचा खर्चही चालवत नाही. तो आईबापांचा वैरी नसतो. मूल सुखरूप घरी परतावे हेच बहुतेक प्रकरणांत पहिले उद्दिष्ट असते. आणि तो मुलाचा नुसता मुखत्यारही नव्हे : मुलाचे म्हणणे न्यायालयाला जसेच्या तसे कळवणे त्याचे कर्तव्य आहे, पण स्वतःचे मत वेगळे असल्यास तेही त्याच अहवालात लिहावे लागते, आणि सतरा वर्षांच्या मुलाला हे आधी तोंडावर सांगण्याइतका प्रामाणिकपणा लागतो.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे, आणि तो आम्हा स्वयंसेवकांत प्रिय आहे : आमच्या नेमणुकीने मुलाचे भाग्यच पालटते. टेक्सासमधील मुलांच्या नोंदींवरून २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, कासा-प्रतिनिधी असलेल्या मुलांना कायमचे घर मिळण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक नव्हे, कमीच आढळली. न्यायाधीश अधिक बिकट प्रकरणे आमच्याकडे सोपवतात, हे त्याचे एक कारण मानले जाते आणि अभ्यासकांनी त्याचा हिशेब धरण्याचा प्रयत्नही केला होता. तथापि सारा वाद त्याने मिटत नाही. माझ्या मते यातून घ्यायचे ते एवढेच, की चांगल्या हेतूवर विसंबू नये. आपली शिफारस मुलाला त्याच्या माणसांपासून विनाकारण दूर तर ठेवत नाही ना, हे प्रत्येक अहवाल लिहिताना तपासावे.

महिन्यातून निदान एक भेट, काही फोन, वर्षातून काही सुनावण्या आणि दोन-चार अहवाल, इतका वेळ ज्यांच्यापाशी आहे त्यांनी आपल्या काउंटीतील कासाच्या कचेरीत अर्ज करावा. आणि कोणत्या वयाचे मूल चालेल हे विचारले जाईल, तेव्हा ‘चौदा वर्षांवरील’ असे लिहावे.