फाइल उघडताना घेतलेली मेमरी परत कोण करतो?

पडावपासून थाटीपूरपर्यंत आपल्या मंडळींच्या बहुतेक घरांतले कुणी ना कुणी आज सॉफ्टवेअरमध्ये आहे. "काय काम करतोस?" या प्रश्नाला "कोड साफ करतो" असे उत्तर मिळाले, की ज्येष्ठांना वाटते, लपवतोय काहीतरी. पण हे काम खरोखरच असते, आणि महत्त्वाचे असते.

लग्नाचा जुना अल्बम स्कॅन करून आपण फाइलला 'ग्वाल्हेर' असे देवनागरी नाव दिले, असे समजा. ती उघडताना हे नाव आधी कर्नेलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे जाते. अँड्रॉइड फोनपासून मोठ्या सर्व्हरपर्यंत बहुतेक ठिकाणी हा गाभा लिनक्सचा असतो. कर्नेल त्या नावाची प्रत स्वतःच्या मेमरीत करून घेतो. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. 'ग्वाल्हेर'मध्ये मात्रा आणि हलन्त धरून ९ चिन्हे, म्हणजे २७ बाइट. (फाइलच्या नावाची कमाल मर्यादा साधारणतः २५५ बाइट. म्हणजे इंग्रजीत २५५ अक्षरे बसतात तिथे आपली ८५ चिन्हेच. लांबलचक मराठी नावे कधी कधी स्वीकारली जात नाहीत, त्याचे कारण हेच.) पण फोल्डरांसकट पूर्ण पत्ता ४०९६ बाइटांपर्यंत लांब असू शकतो, म्हणून लिनक्समध्ये अनेक वर्षे नाव कितीही छोटे असले तरी ४०९६ बाइटांची अख्खी जागा घेतली जाई. काम झाले की ती परत.

खरी गोम या 'परत'मध्ये आहे. आपण वापरतो त्या साध्या प्रोग्रामने मेमरी परत केली नाही, तरी तो बंद झाला की कर्नेल सगळी काढून घेतो. कर्नेलच्या स्वतःच्या विसराळूपणाला मात्र असा कुणी वाली नाही. मशीन पुन्हा सुरू करेपर्यंत ती जागा अडकलेलीच. दौलतराव शिंद्यांच्या फौजेने १८१० मध्ये इथे तळ दिला, तो उठलाच नाही आणि त्याचे लष्कर शहर झाले. आपल्या दृष्टीने ते बरेच झाले म्हणा! मेमरीत मात्र असे न उठणारे तळ साचत गेले, तर महिनोन्‌महिने चालणारा सर्व्हर एक दिवस धापा टाकू लागतो.

याच्या उलट चूक अधिक घातक. जागा वेळेआधी परत केली आणि नंतरही वापरली, तर मधल्या काळात ती दुसऱ्या कुणाला मिळालेली असते. हल्लेखोर अशाच फटीतून पूर्ण मशीनचा ताबा मिळवू शकतात.

नेहमीच्या वाटेवर या चुका क्वचितच होतात; त्या होतात अपयशाच्या वाटेवर. नावासाठी जागा घेतली, उघडलेल्या फाइलच्या नोंदीसाठी घेतली, मग कळले की परवानगीच नाही. आता उलट्या क्रमाने सगळे परत करायचे. सी भाषेत त्यासाठी फंक्शनच्या शेवटी परतफेडीच्या ओळी लिहून 'गोटू'ने तिथे उडी मारायची पद्धत आहे. मध्ये कुणी नवी पायरी घातली आणि उडीचे ठिकाण बदलायला विसरला, की गळती सुरू.

ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या लिनक्स ६.५ पासून वेगळी सोय झाली. जागा घेतानाच "ही अशी परत करायची" असे सांगून ठेवायचे. फंक्शनमधून कोणत्याही वाटेने बाहेर पडा, परतफेडीचा कोड कंपायलरच घालतो. मात्र फाइल नीट उघडली गेली, तर तिची नोंद परत करायची नसते, पुढे सोपवायची असते, आणि ते स्पष्ट लिहावेच लागते. एकाच फंक्शनमध्ये 'गोटू' आणि ही नवी पद्धत मिसळू नका, असेही कर्नेलच्या माहितीत बजावले आहे. माझे मत विचाराल, तर नीट चाललेला जुना कोड केवळ सुबक दिसावा म्हणून बदलू नये. अशा सफाईतून नव्या चुका शिरतात.

घेतलेली जागाच लहान करणे, ही सफाईची दुसरी तऱ्हा. नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत उघड्या फाइलची नोंद २३२ बाइटांवरून १८४ वर आली. अनावश्यक रकाने काढले, उरलेले नीट रचले. प्रोसेसर ६४-६४ बाइटांच्या गठ्ठ्यांत वाचतो, त्यामुळे चारऐवजी तीन गठ्ठ्यांत काम भागते. एका फाइलमागे ४८ बाइट म्हणजे काहीच नाही. पण मोठ्या सर्व्हरवर लाखो फाइली एकाच वेळी उघड्या असतात.

हा सगळा कोड कुणालाही वाचता येतो. घरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने 'एफएस' फोल्डरमधली 'नेमआय' ही फाइल उघडावी. नावाची प्रत घेण्याचा भाग तिथे आहे. नोंद घेण्या-सोडण्याचा भाग शेजारच्या 'फाइल टेबल'मध्ये सापडेल. गळती शोधायची असेल, तर 'केमेमलीक' नावाचे साधन २००९ पासून कर्नेलमध्येच आहे: कुणाच्याही हिशेबात पत्ता नसलेली जागा ते हुडकून काढते.