सार्वजनिक ग्रंथालय कोणाचे? सावली परिसरातील धर्मग्रामांसाठी



चर्चच्या आवारात एखादे वाचनालय सुरू करावे काय, असा प्रश्न सावली, मूल, सिंदेवाही आणि वैनगंगेपलीकडील गडचिरोली भागातील धर्मग्रामांतून अधूनमधून विचारला जातो. हेतू निश्चितच चांगला आहे. तथापि बहुतेक ठिकाणी नवे, निराळे वाचनालय उघडण्याची गरज नाही, असे आमचे मत आहे. गावात किंवा शेजारच्या गावात जे सार्वजनिक ग्रंथालय आहे, त्याच्या पाठीशी उभे राहणे अधिक श्रेयस्कर होय. असे का, हे समजण्यासाठी सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे काय, हे आधी पाहू.

पुष्कळांची अशी समजूत आहे की, सार्वजनिक ग्रंथालय हे तलाठी कार्यालयाप्रमाणे सरकारचे एक कार्यालय आहे. महाराष्ट्रात तसे नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय जिल्हा ग्रंथालय असते. परंतु तालुक्यातील व खेड्यांतील ग्रंथालये गावकऱ्यांनी स्थापन केलेल्या नोंदणीकृत संस्था चालवितात. ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७’ या कायद्यान्वये शासन त्यांना मान्यता देते, ग्रंथसंख्या, सभासद, कामाचे तास इत्यादी निकषांवर अ, ब, क, ड असे वर्ग ठरविते आणि वर्गानुसार वार्षिक अनुदान देते. उरलेला खर्च संस्थेने वर्गणी आणि देणग्यांतून भागवावयाचा असतो. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून पुस्तकांच्या रूपाने साहाय्य करते. म्हणजे मालक गाव आणि साहाय्यकर्ता शासन, अशी ही रचना आहे. गावाने लक्ष काढून घेतले की कागदोपत्री ग्रंथालय उरते आणि दाराला कुलूप लागते.

तमिळनाडूत १९४८ च्या कायद्यापासून मालमत्ताकरावर ग्रंथालय उपकर घेतला जातो. आपल्या कायद्यात अशा उपकराची तरतूद नाही. त्यामुळे अनुदान दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर अवलंबून राहते. २०१२ नंतर अनेक वर्षे नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि जुन्यांना दर्जावाढ मिळणे थांबले होते. ज्या गावांत जागृती उशिरा झाली, तीच गावे यामुळे मागे राहिली. आणि वनक्षेत्रातील गावे बहुधा याच वर्गात मोडतात. २०२२ साली शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ केली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तरीही ‘ड’ वर्गातील ग्रंथपालाच्या हाती महिन्याकाठी जे पडते, ते शेतमजुरीहूनही कमी असते. पुस्तकांची दाखल नोंद, देवघेव, झाडलोट आणि वार्षिक अहवाल ही सारी कामे बहुधा तोच एकटा करतो. गावात कोणी त्याची विचारपूस करीत नाही, हे त्याच्या अल्प मानधनाइतकेच दुःखद आहे.

आता आपल्या परिसराकडे वळू. येथील ग्रंथालयात आज सर्वाधिक कोण येते? पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी अशा परीक्षांची तयारी करणारे तरुण आणि तरुणी. कथा-कादंबऱ्या कपाटात राहतात आणि मुले आपलीच मार्गदर्शके घेऊन टेबलाशी बसतात, अशी तक्रार काही ज्येष्ठ वाचक करतात. आम्हांस ती तक्रार रास्त वाटत नाही. एका खोलीच्या घरात, जेथे धानाची पोती, लहान भावंडे आणि दूरदर्शन संच एकत्र नांदतात, तेथे राहणाऱ्या मुलीस शांत टेबल आणि दिवा मिळणे हीसुद्धा ग्रंथालयाची सेवाच होय. आज अभ्यासासाठी आलेली मुलगी उद्या कपाटही उघडेल. न उघडले, तरी तिचे तेथे बसणे वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु या सेवेस एक मोठी अडचण आहे, आणि शहरातील ग्रंथालय-तज्ज्ञांच्या ध्यानात ती सहसा येत नाही. ती अडचण म्हणजे वाघ. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. सावली, मूल, ब्रह्मपुरी या तालुक्यांतही अशा घटना वारंवार घडतात. ज्या रस्त्याने दिवस मावळल्यावर मोठी माणसे एकटी जात नाहीत, त्या रस्त्याने मुलीने सायकलवरून संध्याकाळच्या वाचनालयात जावे, अशी अपेक्षा कशी करावी? तालुक्याच्या गावी उत्तम अभ्यासिका असूनही तीन-चार किलोमीटरवरील वाडीला तिचा उपयोग होत नाही, तो याच कारणाने. येथे धर्मग्रामाला करण्यासारखे काम आहे. ज्या वाडीत आपली शाळा किंवा सभागृह आहे, तेथील एक खोली सायंकाळी ग्रंथालयाच्या स्वाधीन करावी. खोली आपली; पुस्तके, नोंदवही आणि नियम मात्र ग्रंथालयाचे.

दुसरी अडचण स्थलांतराची. धानाची कापणी आटोपली की चंद्रपूर-गडचिरोलीतील कितीतरी कुटुंबे मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. मुलेही सोबत जातात आणि त्यांची शाळा तुटते. अशांसाठी पुस्तकाने वाचकाकडे जावे, हा विचार नवा नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास पाचारण केले आणि त्यानंतर बडोदे संस्थानातील गावोगावी पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून शंभर पुस्तकांची एकेक पेटी वाचकगटांकडे सोपविली. मजुरांच्या टोळीबरोबर तीस-चाळीस बालपुस्तकांची एक छोटी पेटी जाण्यास काय हरकत आहे? काही पुस्तके हरवतील, काही भिजतील. ग्रंथालयाच्या हिशेबात ती तूट दिसू नये, म्हणून त्यांची किंमत धर्मग्रामाने सोसावी.

भाषेचाही विचार हवा. गडचिरोलीच्या अनेक घरांत मुले गोंडी वा माडिया बोलत वाढतात. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, ती याच जाणिवेतून. त्याच तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला, त्याआधी कितीतरी वर्षे गावकरी अभ्यासगटात बसून कायदे वाचून घेत व त्यांवर चर्चा करीत. ज्यांना अक्षरओळख नव्हती, तेही त्या चर्चेत बरोबरीने बोलत. एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, हेही ग्रंथालयच होय. अलीकडे गडचिरोली पोलीस दलानेही ‘एक गाव, एक वाचनालय’ हा उपक्रम दुर्गम गावांत राबविला आहे. निरनिराळ्या यंत्रणा या कामी पुढे येत असताना ख्रिस्तसभेने आपली निराळी चूल मांडू नये.

याला आणखी एक कारण आहे, ते स्पष्टच सांगतो. मिशनचे वाचनालय म्हटले की काहींच्या मनात शंका उभी राहते. ती योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. परंतु त्या शंकेपायी एखादा मुलगा दारातून परत फिरला, तर त्याचे नुकसान होते. सार्वजनिक ग्रंथालयात तो निःशंकपणे येतो. वाचनाचे प्रेम मात्र आपल्या परंपरेत फार जुने आहे. संत बेनेदिक्त यांच्या नियमावलीत उपवासकाळाच्या प्रारंभी प्रत्येक मठवासीयास ग्रंथालयातून एक पुस्तक देण्याची आणि त्याने ते अथपासून इतिपर्यंत वाचण्याची शिस्त आहे. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये साहित्यवाचनावर एक स्वतंत्र पत्र लिहिले. ते आरंभी धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाविषयी योजिले होते, पण पुढे सर्व श्रद्धावंतांना लागू असे झाले. त्यात केवळ धर्मग्रंथ नव्हे, तर कथा-कादंबऱ्या आणि कविता वाचण्याची शिफारस आहे.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांनी प्रथम ग्रंथालयाचे सभासद व्हावे. वर्गणी व अनामत फार नसते. वार्षिक सभेस उपस्थित राहावे, हिशेब ऐकावा, प्रश्न विचारावेत. पुस्तके भेट देताना घरातील रद्दी, जुनी मार्गदर्शके अथवा आपल्याच प्रार्थनापुस्तिकांचे गठ्ठे नेऊन टाकू नयेत. ग्रंथपालास विचारून, त्याने दिलेल्या यादीप्रमाणे नवी पुस्तके घ्यावीत. ज्यांच्या मोबाइलला तालुक्याच्या गावी चांगले जाळे मिळते, त्यांनी मराठी विश्वकोश व बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर उतरवून घेण्यास ग्रंथपालास मदत करावी. ती विनामूल्य उपलब्ध आहेत.

मिरचीच्या टोळ्या नाताळ उलटला की निघू लागतात. पुस्तकांच्या पेट्या द्यावयाच्या असतील, तर ग्रंथपालाशी बोलणे दिवाळीच्या सुमारासच व्हावयास हवे.