कोळसा उगाळावा तितका काळाच ?

कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. कोळसा काळाच राहातो हें खरें; परंतु दुसऱ्याचा मळ तो आपल्या अंगावर घेतो, हा त्याचा गुण म्हणींत आलेला नाहीं. त्या गुणाची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच आमचा हेतु आहे.

आम्हां विश्रामबागकरांना कृष्णामाई केवळ नळाच्या पाण्यापुरती नाहीं. नृसिंहवाडीस जावें, संगमावर स्नान करावें, तांब्याभर तीर्थ घरीं आणावें, ही येथील कित्येक घरांची चाल. पण त्या संगमाला येणारी पंचगंगा इचलकरंजीवरून येते, आणि तेथील सूत-कापड रंगविणाऱ्या कारखान्यांचें सांडपाणी तिच्यांत मिसळतें ही तक्रार जुनी आहे. जें पाणी आपण मस्तकीं धरतों, तें तसें धरण्याजोगें राहावें असें कोणास वाटणार नाहीं ?

अशा रंगीत पाण्यावरील एक उपाय सुताराच्या दारांत पडलेला असतो. करवतीचा भुसा, रंध्याच्या ढलप्या, बाभळीच्या साली, हें सर्व पुष्कळदां उकिरड्यावर जातें किंवा उघड्यावर जळून राख होतें. तेंच हवा कोंडून सुमारें ४०० ते ६०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलें, तर ज्वलनशील वायु निघून जातात व वाळल्या लांकडाच्या वजनाच्या साधारण चतुर्थांश ते तृतीयांश कोळसा उरतो.

हा कोळसा पाण्यांतील द्रव्य स्पंजाप्रमाणें पोटांत भरून घेत नाहीं; तें त्याच्या पृष्ठभागास चिकटून बसतें. यास अधिशोषण म्हणतात. लांकडांतील सूक्ष्म नळ्या व भेगा कोळशांत कायम राहातात, म्हणून त्याचा पृष्ठभाग अफाट असतो. हाच कोळसा ८०० ते ९०० अंशांवर वाफेनें पुन्हां भाजला, म्हणजे आणखी असंख्य छिद्रें पडतात. असा सिद्ध केलेला चांगला कोळसा चिमूटभर, म्हणजे एक ग्रॅम, घेतला, तरी त्याचें क्षेत्रफळ १००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतें ! लोहक्षारांत भिजवून वाळविल्यास सोमल व फॉस्फेट धरण्याची त्याची शक्ति वाढते.

ही विद्या नवी नाहीं. रशियांतील लोविट्झ नांवाच्या औषधशास्त्रज्ञानें १७८५ सालीं कोळशाचा रंग काढण्याचा गुण नोंदविला. पुढें युरोपांतील साखर-शुद्धीचे कारखाने हाडांचा कोळसा वापरूं लागले, आणि पहिल्या महायुद्धांत विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांत कोळसाच भरला गेला. आपल्याकडेहि महर्षि कर्वे यांचे नातू डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्याच्या 'आरती' संस्थेस उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याबद्दल २००२ सालीं इंग्लंडांतील ॲश्डेन पारितोषिक मिळालें. तो कोळसा जळणासाठीं होता. पण टाकाऊ पदार्थ कोंडून भाजण्याची युक्ति तीच.

आम्हीं स्वतः परसांत एक लहानसा प्रयोग करून पाहिला. झांकणास बारीक भोंक पाडलेल्या पत्र्याच्या डब्यांत ढलप्या भरून डबा जाळावर ठेवला. भोंकांतून निघणारा धूर पेटला. ती ज्योत विझतांच डबा उतरवून, भोंक मातीनें लिंपून, निवूं दिला. (धुरांतील वायु प्राणघातक असल्यामुळें हें काम बंद जागेंत कदापि करूं नये.) कोळसा उकळत्या पाण्यांत धुऊन, वाळवून, कुटला व निळ्या शाईच्या पाण्यांत टाकून तासाभरानें गाळला. निळा रंग फिकट झाला, परंतु गेला नाहीं. घरच्या कोळशाची धांव येथवरच ! वाफेचें काम भट्टीवाल्यांचें.

म्हणूनच एक इशारा अवश्य देतों. रंग गेला म्हणजे पाणी पिण्याजोगें झालें, असें गृहिणींनीं समजूं नये. इचलकरंजींत २०१२ सालीं काविळीची सांथ येऊन माणसें दगावलीं. अशा सांथी मैला मिसळलेल्या पाण्यानें पसरतात आणि त्यांचे जंतु कोळशास जुमानतीलच असें नाहीं. तेथें उकळणें व क्लोरिन हेच खरे उपाय. पाण्याचा जडपणाहि कोळशानें जात नाहीं. शिवाय भरलेला कोळसा विषाचें गांठोडेंच होय. तो शेतांत टाकला तर नदींतील घाण आपण मातींत पेरली असें होईल. तो पुन्हां भाजून शुद्ध केला पाहिजे, नाहीं तर योग्य भट्टींत जाळला पाहिजे.

विश्रामबागेस १९१९ पासून विलिंग्डन कॉलेज व १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सांगलींत लांकडाच्या वखारी आहेत, आणि रंगाचे कारखाने कांहीं फार दूर नाहींत. विद्या, भुसा आणि गरज अशीं तिन्हीं एका पंचक्रोशींत क्वचितच सांपडतात. त्यांची गांठ घालून देणारे तरुण आपल्याच घरांतून निघावेत. कोळसा काळाच राहील. पण संगमाचें पाणी तरी निर्मळ होवो!