सहा गुणांची वजाबाकी

बेंगळुरूतल्या मारतहळ्ळीच्या पुलाच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांत मूल दहावी झालं की एकच हिशेब सुरू होतो: पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, कुठे आणि प्रवेशाच्या सीईटीत किती. कर्नाटकात इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी निम्मी बारावीच्या भौतिक, रसायन, गणितावर आणि निम्मी सीईटीवर ठरते. या निम्म्या-निम्म्या सूत्रावरूनच 2022मध्ये घोळ झाला. लेखी परीक्षा खरी की वर्षभराचं मूल्यमापन, या जुन्या वादाचं उत्तर मला त्या घोळात दिसतं.

2021मध्ये कोरोनामुळे पीयूसीची परीक्षाच झाली नाही. दहावीचे 45 टक्के, पहिल्या वर्षाचे 45 टक्के आणि दुसऱ्या वर्षाच्या अंतर्गत कामाचे 10 टक्के अशी मोट बांधून निकाल लावला. सगळे पास झाले, 2239 जणांना तर 600पैकी 600 मिळाले. पुढच्या वर्षी परीक्षा झाली आणि 61.88 टक्केच पास झाले. मग आदल्या वर्षीची मुलं पुन्हा सीईटीला बसली, तेव्हा सीईटी घेणाऱ्या परीक्षा प्राधिकरणाने त्यांचे बारावीचे गुण धरलेच नाहीत. मुलं उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबरमध्ये तोडगा निघाला तो असा: त्यांच्या प्रत्येक विषयातून सरासरी 6 गुण वजा करायचे. पोरांनी वर्षभर काय केलं हे न बघता सरसकट वजाबाकी! पण दुसरं काही करता येण्यासारखंही नव्हतं. या मुलाला काय येतं, हे वर्गशिक्षक उत्तम सांगतो. हा त्या दुसऱ्या कॉलेजच्या मुलापेक्षा पुढे आहे का, हे मात्र तो सांगू शकत नाही, कारण ते दुसरं मूल त्याने पाहिलेलंच नसतं.

महाराष्ट्रात 2019च्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले 20 गुण काढले आणि निकाल 89.41वरून 77.10 टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही नवा होता, म्हणून सगळी घसरण त्या 20 गुणांच्या माथी मारता येत नाही. पण अकरावीला इतर बोर्डांच्या मुलांपुढे आपली मुलं मागे पडतील, अशी ओरड झाली आणि ते गुण परत आले. त्यांचा उपयोग मूल जोखायला होता की स्पर्धेत टिकायला, ते यावरून ओळखावं.

लेखी परीक्षा तरी कुठे सोवळी आहे, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. कर्नाटकात 2024ला दहावीच्या केंद्रांवर कॅमेरे लावले आणि वाढीव ग्रेस गुण देऊनही निकाल 83.89वरून 73.40 टक्क्यांवर आला. पण परीक्षेच्या खोलीत कॅमेरा लावता तरी येतो. रात्री अकराला जेवणाच्या टेबलावर बाबा थर्माकोल कापून जो प्रकल्प करतात, त्यावर कोण लक्ष ठेवणार? तीन तासांत पाठांतरच जोखलं जातं, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तोंडी उत्तर, प्रयोगातली चूक स्वतः शोधणं, हे पेपरात येत नाही. म्हणून ते शिक्षकाने लिहावंच, पण प्रगतिपुस्तकात, शब्दांत. बेरजेत घेतलं की शाळेला हात सैल सोडावाच लागतो. गुण नसतील तर मुलं मनावर घेणार नाहीत, असंही म्हणतात. सीबीएसईच्या दहावीत अंतर्गत 20 गुणांचे पाच-पाचांचे चार भाग आहेत. त्यातलं मुलं मनावर काय घेतात, तर जर्नलची अनुक्रमणिका आणि बाईंची सही.

एवढं होऊनही पीयूसीच्या गणितात आता 80 लेखी आणि 20 अंतर्गत गुण आहेत, आणि ते 20 गुणवत्ता यादीतल्या बारावीच्या निम्म्या हिशेबात जातात.