तिरुपतीचं रान, केडगावचं अंगण

 चेन्नईहून उत्तरेची वाट धरली, की काही तासांत तिरुपतीचे डोंगर दिसू लागतात. १८७४च्या सुमारास हा सगळा मुलूख मद्रास इलाख्यात होता, दुष्काळानं पोळलेला. त्या डोंगरांभोवतीच्या रानात एक मराठी कुटुंब मरायचं ठरवूनच शिरलं होतं. अनंतशास्त्री डोंगरे, त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलं. धाकटी रमा तेव्हा सोळा वर्षांची. पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर त्यांनी अकरा दिवस काढले.

हे कुटुंब मुळात दरिद्री नव्हतं. दागिने, भारी वस्त्रं, चांदीची भांडी आणि शेवटी स्वयंपाकाची तांब्यापितळेची भांडीसुद्धा त्यांनी विकली होती, आणि आलेला पैसा देवाधर्मात आणि ब्राह्मणांना दान देण्यात खर्च झाला होता. दिलेलं पुण्य होऊन परत येईल, ही श्रद्धा. मोलमजुरी कधी केली नव्हती आणि हात पसरायला मन धजत नव्हतं. वडील गेले, पाठोपाठ आई गेली. आईच्या तिरडीला चौथा खांदेकरी मिळेना, तेव्हा रमेनंच भार उचलला. उंची कमी, म्हणून तिला ती तिरडी डोक्यावर घ्यावी लागली.

हीच मुलगी पुढे पंडिता रमाबाई झाली. ख्रिस्ती धर्म धन आणि करुणा यांबद्दल काय सांगतो, हे मराठी माणसाला समजून घ्यायचं असेल, तर मला तिच्या आयुष्यापेक्षा चांगली वाट दिसत नाही. दान दोन्ही टोकांनी तिनं भोगलं होतं.

आपल्याकडे दानाला ‘सत्पात्री’ हे विशेषण लागतं. घेणारा योग्य हवा. येशूला एका शास्त्र्यानं असाच प्रश्न विचारला होता: शेजाऱ्यावर प्रीती करायची हे खरं, पण माझा शेजारी कोण? उत्तरादाखल येशूनं गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एकाला अर्धमेला करून टाकलं. याजक बाजूनं निघून गेला, देवळाची सेवा करणारा लेवीही गेला. थांबला तो शोमरोनी, यहुद्यांनी ज्याच्याशी संबंधही ठेवला नसता असा. मला या गोष्टीतला तपशील फार मोलाचा वाटतो. शोमरोन्याला नुसता कळवळा येत नाही. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्या माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत नेतो, रात्रभर शुश्रूषा करतो. सकाळी मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, आणि आणखी खर्च झाला तर परतताना देईन म्हणतो. मग येशू प्रश्नच उलटा करतो: या तिघांत शेजारी झाला कोण? पात्रता आता देणाऱ्याची तपासली जाते.

धनाचं मापही असंच उलटं आहे. देवळाच्या भांडारात श्रीमंत पुष्कळ टाकत होते, एका गरीब विधवेनं दोन टोल्या टाकल्या, जेमतेम दमडीचा ऐवज. येशूच्या हिशेबी तिचं दान सर्वांत मोठं, कारण दिल्यावर तिच्यापाशी काहीच उरलं नाही. दान किती, हे पदरी काय राहिलं त्यावरून मोजायचं. आज्ञा सगळ्या पाळणारा धनवान तरुण सर्वस्व विकून गरिबांना द्यायची गोष्ट निघताच खिन्न होऊन गेला, ती कथाही याच सुरातली. पहिल्या ख्रिस्ती मंडळीतला अन्नवाटपाचा पहिला तंटा, ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकानुसार, विधवांवरूनच झाला. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी तक्रार आली आणि त्या कामासाठी सात माणसं नेमली गेली. करुणेला व्यवस्था लागते, हे त्या मंडळीला फार लवकर उमगलं.

रमाबाईंना हे पुस्तकातून पटलं नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी लंडनजवळच्या फुलममध्ये ख्रिस्ती भगिनींनी चालवलेलं, समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांचं घर त्यांनी पाहिलं. त्या बायकांवर कुणी इतकी माया करतं, हे त्यांना नवं होतं. त्यावर भगिनींनी त्यांना विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या येशूची कथा वाचून दाखवली.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ला रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी बाया तिथंच शिकल्या. अमेरिकेतल्या एका मंडळानं सदनाला दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. त्यापुढे फळबागेवर संस्था चालावी, म्हणून रमाबाईंनी पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला जमीन घेतली. १८९६ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचताना त्यांना तिरुपतीचं रान आठवलं. त्या स्वतः गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे मुलींना केडगावला ठेवावं लागलं. तिथंच मुक्ती सदन उभं राहिलं. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

इतक्या जणींना नुसतं जेवू घालणं रमाबाईंना पुरेसं वाटलं नाही. हात रिकामे ठेवून माणूस कसा मरतो, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. म्हणून मुक्तीत विणकाम आलं, तेलाचा घाणा आला, गोठा, शेती, छापखाना आला. फसवलेल्या, टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघालं, त्यात मला फुलमचं ते घर दिसतं. आंधळ्या मुलींना रमाबाईंच्या लेकीनं, मनोरमेनं, ब्रेल शिकवलं.

एक आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्यावर १८९३ला पुण्यात वादळ उठलं. सुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागारपदावरून दूर झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. केडगावी तर ख्रिस्ती शिकवण उघडच दिली जाई. उपाशी मुलगी अन्न देणाऱ्याला ‘नाही’ म्हणू शकते का? ही शंका रास्त आहे, आणि ख्रिस्ताच्या शिकवणीतूनही ती विचारता येते. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या न्यायाच्या दिवशी उजवीकडे उभ्या राहिलेल्यांना आपण कुणाला जेवू घातलं, हेही ठाऊक नसतं. त्यांनी भुकेल्याला अन्न दिलं, तहानेल्याला पाणी दिलं, कुणाचा धर्म विचारला नाही. पण तीनशे मुली रस्त्यावर मरत असताना त्यांना आणायला कोण गेलं, हाही प्रश्न त्याच तराजूत घालावा लागेल. माझं पारडं रमाबाईंकडे झुकतं.

शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. थोडंसं शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावं, एवढाच आग्रह. १९२१ला मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. ते बायबल छापलं मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी, एकेक खिळा हातानं जुळवून.